कोंडा सोडायचं पच्चक्खाण कुणी दिलं?



आज थोडं कडू लिहिते, रागावू नका. "आपल्याला कसला डायबेटिस? आपण कांदा-बटाटा खात नाही, रात्री जेवत नाही." पेण-रोह्याच्या आपल्या घरांत हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीचा अंदाज आहे, देशात 10 कोटींवर मधुमेही आणि 13 कोटींवर उंबरठ्यावरचे. त्यातून आपल्याला वगळलंय, असं कुठेही लिहिलेलं नाही.

काय सोडलं ते आपण बोटांवर मोजतो, ताटात काय उरलं ते बघत नाही. पांढराशुभ्र भात, पेणचे पोहे, मैद्याच्या पुऱ्या, सूर्यास्ताआधीच्या घाईत शेव-फरसाण. चातुर्मासात पालेभाजी बंद झाली की तिच्या जागी बिस्किटं येतात. यात धर्म कुठे आला? पांढरं म्हणजे शुद्ध, हे आपल्याला गिरणीने शिकवलं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते बघा. 100 ग्रॅम पॉलिश तांदळात तंतू जेमतेम 3 ग्रॅम, मैद्यातही तेवढेच. नाचणीत आणि गव्हाच्या कणकेत 11, अख्ख्या मुगात 17, अख्ख्या हरभऱ्यात 25. मोठ्या माणसाला दिवसाला निदान 25 ग्रॅम तंतू हवेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. काही तंतू पोटात पाणी धरून गरासारखे होतात, त्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. काही मोठ्या आतड्यात आंबतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोषण मिळतं. तो कोंडा आपण चाळून टाकतो!

"मोड आलेलं आपल्याला चालत नाही" म्हणाल. मान्य. पण अख्खे मूग, चवळी, आपल्या रायगडचे वाल मोड येऊ न देताही शिजतात. आयंबिलच्या ओळीत नऊ दिवस तूप-साखरेशिवाय उकडलेलं धान्य-कडधान्य आपणच खातो ना? मग पारण्यानंतर ते कडधान्य कुठे गायब होतं?

"नशिबातलं कोण टाळणार?" हेही नको. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या अभ्यासात (2006) उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार सुधारला, चालणं वाढवलं, तर तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी घटलं. कर्म मानणाऱ्यांनी तरी पुरुषार्थ सोडू नये.

म्हणून माझं सरळ सांगणं आहे. कणीक चाळू नका. भात अर्धा करा, तेवढी उसळ वाढा. आठवड्यातून दोनदा नाचणीची भाकरी करा. सगळं एकदम वाढवलंत तर पोट फुगेल, हळूहळू वाढवा आणि उकळलेलं पाणी भरपूर प्या. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच बदल करा.

कंदमूळ सोडलंत, अनुमोदना! आता चाळणीही सोडा.