मचाण निवडावं ते उतरण्यासाठी

परवा सकाळी संगणक उघडला तर एका जुन्या विद्यार्थ्याची मेल आलेली. इथे बोरिवलीत आठवी-नववीला माझ्या वर्गात होता. आता बरीच वर्षं अमेरिकेत, मिशिगन राज्यात असतो. लिहिलं होतं, "सर, यंदा ऑफिसातल्या मित्रांबरोबर पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला जातोय. परवाना काढलाय. झाडावर लावायचं मचाण विकत घ्यायचंय, पण तीन प्रकार पाहून गोंधळलोय. तुम्ही वर्गात मचाणावरच्या रात्रीची गोष्ट सांगायचात ना, ती अजून आठवते. कोणतं घेऊ, सांगा."

खाली तीन चित्रं.

पहिल्यांदा मनात आलं, लिहावं की बाबा रे, जाऊच नकोस. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हाच आहे, आणि ते योग्यच झालं असं मी मानतो. पण तिथली गोष्ट वेगळी. पांढऱ्या शेपटीचं ते हरीण तिथे अफाट वाढलंय, लांडगे बहुतेक ठिकाणी उरले नाहीत, शेतात आणि रस्त्यावर हरणंच हरणं. सरकारच परवाने देतं, मोसम ठरवतं. मिशिगनमध्ये बंदुकीचा मोसम १५ ते ३० नोव्हेंबर. हरीण मारावं की नाही, हे त्याने मला विचारलेलंच नव्हतं. मचाण कोणतं, एवढंच विचारलं होतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची खोड मास्तरांना असते. ती आवरली.

तर मचाण.

माझं बालपण शहापूर तालुक्यात गेलं, तानसाच्या जंगलालगत. तात्यांकडे, म्हणजे माझ्या चुलत्यांकडे, ठासणीची बंदूक होती. आमच्याकडे एक ठाकर गडी होता, त्याला आम्ही मुलं 'मामा' म्हणायचो. जंगल त्याला तळहातासारखं ठाऊक. १९६२ च्या उन्हाळ्यात तात्यांनी मला पहिल्यांदा मचाणावर नेलं. मी बारा वर्षांचा. ओढ्यातल्या डबक्यावर भेकर पाण्याला येत होतं. डबक्याच्या अगदी काठावर जांभूळ होतं, आणि वीस-पंचवीस पावलांवर एक जुना आंबा.

मामा म्हणाला, "मालक, जांभळाचा भरवसा नाय. आंब्यावर बांधू."

तात्या म्हणाले, "आंब्यावरून डबकं नीट दिसत नाही. जांभळावरच बांध."

मग जांभळाच्या बेचक्यात, अडीच पुरुष उंचीवर, सुंभाने बाज बांधली. शिडी नव्हतीच. फांद्यांवर पाय देत चढलो. चांदणं, ओढ्यावरून येणारा गारवा, मध्यरात्री कुत्र्यासारखं भुंकणारं भेकर, मग पाण्यावर हललेली सावली आणि तात्यांच्या बंदुकीचा बार... नेम चुकला. भेकर गेलं.

वर्गात मी गोष्ट इथे थांबवायचो. कॉर्बेटने १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तोही झाडावर बसूनच, गुलाबरायच्या आंब्याच्या झाडावर, हे जोडीला सांगायचो. मुलं खूश. तास संपायचा.

पण गोष्ट तिथे संपली नव्हती. पहाटे उतरायची वेळ आली. रात्रभर मांडी घालून बसल्याने पायांना मुंग्या आलेल्या. मामा नेहमीप्रमाणे आधी उतरायला लागला. एका हातात बंदूक, खांद्यावर घोंगडी. त्याने पाय दिला ती फांदी कडकन मोडली. जांभळाची फांदी अशीच मोडते, आधी कुरकुरतही नाही. ज्या बाजेवर रात्र काढली त्याच बाजेवर घालून त्याला गावात आणला. खुब्याचं हाड मोडलं होतं. जगला, पण काठी सुटली नाही. नाचणीच्या राखणीला स्वतःच्या माळ्यावर चढणंही पुन्हा जमलं नाही, आणि त्या वर्षी त्याच्या शेतात डुकरं शिरली. तात्या दर दिवाळीला त्याच्या घरी भात पाठवायचे. त्या पहाटेबद्दल मात्र कधी बोलले नाहीत. मीही बोललो नाही. पुढे मास्तर होऊन गोष्ट सांगायला लागलो, तेव्हाही नाही.

तात्यांनी झाड निवडलं ते भेकरासाठी. मामा निवडत होता माणसांसाठी. आज या वयात मला वाटतं, मचाण निवडण्याचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आहे.

शिकारी पहिला विचार जनावराचा करतो. वारा कुठून येतो, कारण हरणाचं नाक फार तिखट. डोंगरउतारावर दिवसा तापलेली हवा वर चढते आणि रात्री गार होऊन ओढ्याकडे उतरते, म्हणून संध्याकाळी उताराच्या वरच्या अंगाला बसलात तर तुमचा वास थेट पाण्यावर जातो. झाडाला आडोशापुरती पानं हवीत, म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात साग कामाचा नाही. हे सगळं खरंच आहे. पण यातली चूक झाली तर हरीण निघून जातं, एवढंच. उतरण्यातली चूक झाली तर माणूस जातो.

हे त्याला लिहिलं आणि मग त्याच्या तीन चित्रांकडे वळलो. एक, दोन भागांचं, बुंध्याला धरून आळीसारखं वर सरकत जाणारं. ते सरळ, बिनफांद्यांच्या खोडालाच चालतं, आणि अंगात बळ लागतं. दुसरं, पट्ट्याने खोडाला अडकवायचं. हलकं असतं, वाकड्या झाडालाही बसतं. पण पायऱ्या वेगळ्या लावाव्या लागतात आणि पायरीवरून फळीवर पाऊल टाकण्याचा तो एक क्षण फार वाईट. तिसरं, शिडीसकट येणारं. जड, उभं करायला दोघं-तिघं लागतात, उचलून दुसरीकडे नेणं कठीण. शिकारी लोक त्याला नाकं मुरडत असतील. मी लिहिलं, तू तेच घे. पहिल्या वेळेला तुला हरीण मिळण्यापेक्षा घरी परत येणं सोपं व्हायला हवं.

आणखी चार गोष्टी लिहिल्या. अंगाला पूर्ण पट्टा बांध, आणि तो वर पोचल्यावर नाही, जमिनीवर असतानाच दोराला अडकव, कारण माणसं बसल्या जागेवरून जितकी पडतात त्याहून चढता-उतरताना जास्त पडतात. पट्ट्यावर लोंबकळत राहिलास तर पायातलं रक्त अडतं, तेव्हा पाय टेकवायला वेगळा फास जवळ ठेव. बंदूक हातात घेऊन चढू-उतरू नकोस, रिकामी करून दोरीने वर घे आणि दोरीनेच खाली सोड. मचाण वर्षभर झाडावर ठेवशील तर पुढच्या मोसमात पट्टे बदल. ऊन-पावसाने ते कुजतात आणि झाडही जाड होत असतं. आणि कुठल्या झाडावर आहेस ते बायकोला सांगून जा.

काही वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेसाठी मी पुन्हा मचाणावर बसलो होतो. हातात बंदुकीऐवजी वही-पेन्सिल. आता खरी मोजदाद कॅमेरे करतात, ही रात्र आमच्यासारख्यांच्या हौसेची. पहाटे उतरताना माझा गुडघा लटपटला, तर बरोबरचा तरुण वनरक्षक म्हणाला, "काका, घाई नको. मी खाली उभा आहे. पाय हलवून घ्या, मग या." मला मामा आठवला. त्याच्या खाली कोणी उभं नव्हतं.

हे फक्त जंगलातलं नाही हो. गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीला रंग काढला. सहाव्या मजल्यापर्यंत बांबूची परांची, आणि वर पोरं बिनपट्ट्याची. मी रंगवाल्याला सांगायला गेलो तर तो हसला, "आजोबा, त्यांना सवय आहे." मामालाही सवय होती. बैठकीत रंगाची छटा ठरवायला आम्ही दोन तास घालवले होते. माणसं खाली कशी येणार, हा प्रश्न कोणीच काढला नव्हता. मीही नाही. मग पुन्हा बैठक घ्यायला लावली, थोडी वाईट बोलणी खाल्ली, पण पट्टे आले. चौथ्या दिवसापासून आले, पहिल्या दिवसापासून यायला हवे होते.

मेल पाठवताना मामाची हकिगत पहिल्यांदाच पूर्ण लिहिली. दोन दिवसांनी उत्तर आलं. शिडीचं मचाण घेतलं म्हणतो, पट्टाही. खाली एक ओळ होती: "सर, हे तुम्ही वर्गात कधी सांगितलं नव्हतं."

खरं आहे. सांगायला हवं होतं.