विम्याचे छत्र आणि रुग्णालयाचे दार

औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याविषयी प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली सरकारला अहवाल दिला आणि पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. कामगार आजारी पडला तर औषधोपचार हवेतच, पण बुडालेली मजुरीही काही अंशी भरून मिळाली पाहिजे, हे त्याने मान्य केले. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील कित्येक संसार त्यामुळे सावरले. मात्र हे संरक्षण नोकरीशी बांधलेले. कारखाना बंद पडला की काही महिन्यांत विमाही संपतो. कल्याण-डोंबिवलीच्या नाक्यांवर उभा राहणारा बिगारी आणि घरकाम करणारी बाई यांच्या वाट्याला तो आलाच नाही.

२०२३ च्या निर्णयाने महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना शिधापत्रिकेचा रंग न पाहता सर्व कुटुंबांना खुली झाली. मर्यादा वर्षाला पाच लाख रुपये. शस्त्रक्रियेसाठी दागिने गहाण टाकणाऱ्यांना हा मोठाच आधार आहे. त्याचे स्वागत केले पाहिजे. परंतु योजनेचा सारा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर. मधुमेहाची रोजची गोळी आणि बुडालेला रोज यांचा हिशेब तीत नाही, आणि गरिबाचे घर पोखरले जाते ते येथेच. दुखणे बळावेपर्यंत थांबावयास लावणारा विमा सरकारी तिजोरीलाही महागच पडणार.

शिवाय विम्याने खाटा वाढत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या पालिका रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. कल्याणचे रुक्मिणीबाई व डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय दुबळे राहिले, तर विम्याचा पैसा खासगी रुग्णालयांकडेच वाहणार. बाह्यरुग्ण उपचार व आजारपणातील मजुरी विम्यात यावी, पालिका रुग्णालयांत तज्ज्ञ डॉक्टर नेमले जावेत, ही मागणी कार्यकर्त्यांनी अंदाजपत्रकापूर्वीच प्रभागाप्रभागांतून लावून धरावी.