मुलांचा कैवार शिकून घ्यावा

शेतकरी व कारागीर बंधूंनो, आखाजीच्या सुमारास हजेरीपटांत एखाद्या मुलीपुढें ‘गैरहजर’ असा शेरा पडूं लागला, कीं आम्हां मास्तरांच्या पोटांत गोळा येतो. चौकशीस जावें तों पोर मान खालीं घालून बसते. अहिराणींत विचारल्यावांचून मन उघडीत नाहीं.

सन १८६३ मध्यें जोतीराव व सावित्रीबाईंनीं पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, तेव्हां हें काम शिकविणारी शाळा नव्हती. १९३६ पासून मुंबईस टाटांच्या संस्थेंत तें रीतसर शिकवितात. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें जिल्ह्यास बालकल्याण समिति असावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीपासून तिच्या सभासदास समाजकार्य, कायदा, शिक्षण अशा विषयाची पदवी लागते. म्हणजे नुसत्या दयेवर तेथें खुर्ची मिळत नाहीं. सुतार हत्यार धरावयास शिकतो. मग पोराचें आयुष्य हातीं घेणारानें शिकूं नये काय?

आमच्या मुलांचा निवाडा होतो तेथें आमची बोली जाणणारें माणूस हवें. यास्तव लग्नाचा मांडव आखडा, पण लेकीस हें शिक्षण द्या. तोंवर अडल्या पोरासाठीं १०९८ हा आंकडा भिंतीवर लिहून ठेवा.