अतिदक्षतेचा प्रारंभ गावातच व्हावा

घरातील माणूस अकस्मात अत्यवस्थ झाला की जालना जिल्ह्यातील खेड्यांत पहिला प्रश्न उपस्थित होतो तो वाहनाचा. संभाजीनगरला कसे आणि किती लवकर न्यायचे? अतिदक्षता विभाग तेथे, कृत्रिम श्वासाचे यंत्र तेथे, तज्ज्ञही तेथेच. तेव्हा खरा उपचार तेथे पोहोचल्यावरच सुरू होणार, अशी आपल्या मनाची घट्ट समजूत झाली आहे. ही समजूत किती अपुरी आहे, हे ज्या वैद्याने सप्रमाण दाखवून दिले तो याच जिल्ह्याच्या मातीतला आहे. त्याच्या कार्याची चर्चा जालन्यात व्हावी तितकी होत नाही, याची खंत वाटते.

भोकरदन तालुक्यातील देहेड या गावी १९५१ साली डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म झाला. जालना जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. हा सारा भाग हैदराबाद राज्यात होता. घरची गरिबी सोसत त्यांनी नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातून वैद्यकीय पदवी मिळविली आणि १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. शहराकडे तोंड करून दिवस मोजावेत, अशीच ती जागा. परंतु तेथे त्यांच्यासमोर एक प्रश्न उभा राहिला आणि त्या प्रश्नाने त्यांना बांधून ठेवले.

कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत होती. गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत. त्यात लहान मुले, भातशेतीत राबणारे मजूर अधिक. पाठ्यपुस्तकांत या मृत्यूचे नेमके कारण सापडत नव्हते आणि जी औषधे दिली जात त्यांतील काही निरुपयोगी, तर काही अपायकारकच होती. डॉ. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी रात्री बसून काढल्या. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब यांची नोंद घेतली. विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा जणू पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य ताण पडतो आणि अखेर फुफ्फुसांत पाणी भरून रुग्ण गुदमरतो, ही साखळी त्यातून स्पष्ट झाली. मृत्यूच्या या पूर्वखुणांविषयीचे त्यांचे निवेदन १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगद्विख्यात नियतकालिकाने प्रसिद्ध केले.

कारण कळले, मग उपाय शोधणे आले. प्राझोसीन ही मुळात रक्तदाबावरची गोळी. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. विंचूदंशात तिचा होणारा उपयोग डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मधूनच जगापुढे मांडला. पुढे गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०११ मध्ये या गोळीला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण आणखी लवकर सावरतो, हेही त्यांनी अभ्यासाने दाखविले. २०२२ साली शासनाने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

काही रुपयांची गोळी! परंतु ती योग्य वेळी दिली गेली पाहिजे. फुफ्फुसांत पाणी भरल्यावर तीच लढाई यंत्राच्या साह्याने, शहरात, कितीतरी खर्चाने लढावी लागते आणि तरीही यशाची खात्री नसते. अर्थात ही गोळी घरी मनाने घेण्याची नव्हे. तिने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो; म्हणून लक्षणे पाहून, रुग्णाला आडवे ठेवून डॉक्टरांनीच ती द्यावयाची असते. म्हणजे पुन्हा मुद्दा येतो तो गावाजवळच्या डॉक्टरचाच.

सर्पदंशाचेही तसेच. मण्यारीचा दंश पुष्कळदा झोपेत होतो, वेदना जवळजवळ नसते, आणि पहाटे पापण्या जड होऊ लागतात. पुढे श्वासाचे स्नायू थकतात. अशा वेळी सर्पविषावरील लस जवळच्या केंद्रात सुरू झाली आणि वाटेत कोणी हाताने दाबावयाच्या फुग्याने श्वास देत राहिला, तर रुग्ण शहरापर्यंत जिवंत पोहोचतो. आपल्याकडे मात्र आधी मांत्रिक, मग आवळलेली दोरी, मग वाहनाची शोधाशोध. श्रद्धेचा अनादर न करता सांगितले पाहिजे की विषाला थांबण्याची सवय नाही.

गेल्या काही वर्षांत पुष्कळ चांगले घडले, हे मान्यच केले पाहिजे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. २०२४ मध्ये जालन्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. त्याच वर्षी केंद्र सरकारने सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. मात्र यंत्रे आणि इमारती आल्या म्हणजे काम झाले, असे मानण्याचा आपला स्वभाव आहे. कोविडच्या काळात यंत्रे कशीबशी आली, ती चालविणारी प्रशिक्षित माणसे अपुरी पडली, हे आपण सर्वांनी पाहिले. नव्या महाविद्यालयातून बाहेर पडणारे तरुण डॉक्टर भोकरदन, जाफराबाद, घनसावंगीच्या केंद्रांत रात्री मुक्कामाला राहणार काय, यावर त्या महाविद्यालयाचे मोल ठरेल. त्यांना तेथे राहण्याजोगे घर आणि संरक्षण देणे हे शासनाचे काम. त्यांना गावात परके वाटू न देणे हे आपले.

आपल्या कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे. पावसाळ्यापूर्वी एकदा जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन नम्रपणे विचारावे की सर्पविषावरील लसीच्या किती कुप्या शिल्लक आहेत, त्यांची मुदत कधी संपते, प्राझोसीनच्या गोळ्या आहेत काय, श्वास देण्याचा फुगा वापरणे कोणाला येते, आणि रात्री दोन वाजता दार कोण उघडतो.