ठोकळ्यांत हरवलेलं नाव

मंडळी, आज जरा भांडायचं आहे.

आमच्या माजी विद्यार्थ्यांनी मेळाव्याची स्मरणिका काढली. मुखपृष्ठावर जाड ठोकळ्यांची अक्षरं, जुन्या व्हिडिओ गेममध्ये असायची तशी. "बाई, रेट्रो लूक आहे!" ती सजवणारा माझा विद्यार्थी म्हणाला. पन्नाशीला आलाय, लहानपणीचे खेळ आठवणारच. मुखपृष्ठाबद्दल माझी तक्रार नाही. पण आत दिवंगत शिक्षकांच्या नावांचं पानही त्याच अक्षरांत, तेही बारीक! आमच्या ड्रॉइंगच्या सरांच्या पत्नी ते पान खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "यांचं नाव घालायचं राहिलं का हो?"

नाव होतं. तिसऱ्या ओळीत. आडनावातल्या जोडाक्षराचा विटांचा ढीग झाला होता. आणि नाव कोणाचं, तर ज्यांनी पोरांच्या बोटांत बोरू धरवून अक्षर वळणदार केलं त्यांचं!

"इंग्रजीत छान दिसतं की," हा त्याचा बचाव. दिसणारच. 'प्रेस स्टार्ट टू पी' नावाचा प्रसिद्ध फाँट आहे, १९८० च्या दशकातल्या नामको कंपनीच्या खेळांतल्या अक्षरांवरून केलेला. एकेक अक्षर ८ बाय ८ चौकटींत. इंग्रजी कॅपिटल त्यात आरामात बसतं. आपल्याकडे मात्रा-अनुस्वाराला वर दोन ओळी, शिरोरेषेला एक, उकाराला खाली दोन. उरल्या तीन! तीन ओळींत 'घर' आणि 'धर' वेगळे कसे दाखवणार? 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' यांतला फरक तर सोडूनच द्या. (माझ्या वर्गात स्वयंपाकी आणि गुरुजी यांची गल्लत करणाऱ्याला दहा वेळा लिहावं लागे. असो.)

माझा खरा राग वेगळाच आहे. त्या जुन्या खेळांत संगणकाची स्मृती तुटपुंजी होती, म्हणून अक्षरं चौकोनी झाली. करणाऱ्यांनी एकेक ठिपका तोलूनमापून ठेवला, तो कशासाठी? अक्षर वाचता यावं म्हणून! पुढे पुण्याच्या सी-डॅकनं जिस्ट कार्ड काढून पीसीच्या पडद्यावर देवनागरी आणली, तीही वाचता यावी म्हणूनच. रेल्वे स्टेशनावरच्या दिव्यांच्या पाटीवर मराठी ठिपक्यांचीच असते, पण ठिपके पुरेसे दिलेले असतात, म्हणून गाडी चुकत नाही. तुझ्याकडे तर बाबा, हवी तेवढी जागा होती. त्यांची अडचण तू हौसेनं अंगावर घेतलीस आणि त्यांची काळजी तेवढी टाकून दिलीस. याला रेट्रो म्हणत नाहीत, नक्कल म्हणतात. आणि तीही कच्ची!

फोनवर हे सगळं ऐकवलं. पोरगा गुणी, वाद घातला नाही. ते पान पुन्हा छापून सगळ्यांना टपालानं पाठवायचं कबूल केलंय. मी यादी हातानं लिहून दिली आहे. पहिलं नाव सरांचं.