शांघाय पायी पाहावे

प्रवासी जहाज शांघायच्या बंदराला लागले की प्रवाशांना बसमध्ये बसवून उंच मनोरे आणि बाजारपेठा दाखविल्या जातात. आमचे जहाज संध्याकाळी सुटणार होते. बस सोडून मी पायी निघाले. एखाद्या शहरावर कोणाची सत्ता होती आणि ती कोणाच्या बळावर टिकली, हे बसच्या खिडकीतून दिसत नाही.

सुझौ खाडीवरील १९०८ सालचा पोलादी पूल ओलांडला की हुआंगपू नदीच्या काठी परकीय बँका, जकातघर आणि व्यापारी पेढ्या यांच्या दगडी इमारतींची रांग लागते. त्यांतली हिरव्या निमुळत्या छपराची इमारत १९२९ साली व्हिक्टर ससून याने उभारली. ससून घराण्याची संपत्ती मुंबईहून चीनला जाणाऱ्या अफूवर पोसली होती. याच घराण्याच्या गिरण्यांत मुंबईचे कामगार राबत होते. चिनी जनतेची धूळधाण आणि गिरणगावचा घाम या एकाच भिंतीत चिणलेले आहेत.

शेजारूनच नानजिंग रस्ता निघतो. मे १९२५ मध्ये जपानी मालकीच्या कापडगिरणीत गू झेंगहोंग या कामगाराची गोळी घालून हत्या झाली. तिच्या निषेधार्थ ३० मे रोजी या रस्त्यावर जमलेल्या निदर्शकांवर ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुकुमाने गोळीबार करण्यात आला. बंदुका चालविणाऱ्यांत भारतातून नेलेले शीख शिपाई होते. एका गुलाम देशाच्या हातांनी दुसऱ्या देशाला दडपायचे, ही साम्राज्यवादाची जुनीच रीत.

तासाभराच्या चालीवर शिंग्ये मार्गावरील ते साधे विटांचे घर येते. जुलै १९२१ मध्ये तेथे १३ प्रतिनिधींनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे पहिले अधिवेशन भरविले; पोलिसांचा सुगावा लागताच ते च्याशिंगच्या तलावातील नावेत हलवावे लागले. आज घराभोवती महागडी दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. ही विसंगती डोळ्यांत खुपते, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. तिचा जाब चिनी कॉम्रेड देतील. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे.

चीनविषयी बोलताना आपण १९३८ साली तेथे गेलेल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचे नाव अभिमानाने घेतो. ते घ्यावेच. परंतु मुंबईची अफू आणि नानजिंग रस्त्यावरील बंदुका विसरून घेतलेला अभिमान अर्धवट ठरतो. कोटणीसांनी त्याच इतिहासाला उलटे वळण दिले. त्यांचे मोठेपण कळण्यासाठी तो आधी माहीत असला पाहिजे. आंतरराष्ट्रीयवाद आपल्या हिशेबाची वही उघडण्यापासून सुरू होतो.