ताप कोणत्या तिथीस आला?

आम्हां मराठी माणसांना तिथीवारांचे भारी वेड. संकष्टीला चंद्रोदय किती वाजता, हे आमच्या घरातली पोरेटोरेदेखील सांगतील. पण घरातल्या माणसाला ताप कोणत्या दिवशी आला, असे कोणी विचारले की सारे घर गोंधळते.

2024 च्या पावसाळ्यातली गोष्ट. पुण्यात झिकाचे रुग्ण सापडत होते. मागोमाग आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, संगमनेरलाही सापडले. माझी बहीण संगमनेरची. तिची लेक माहेरपणाला आलेली, चौथा महिना. मी सहज गेलो, तर भाचीच्या अंगावर बारीक पुरळ, डोळे लाल, अंगात कणकण.

"काही नाही रे दादा, हवा बदललीय," बहीण म्हणाली. पण मला राहवेना. आम्ही सगळे दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "ताप कधीपासून?"

"परवापासून," बहीण म्हणाली.

"छे! चांगले आठ दिवस झाले," भावजी म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. "नक्की दिवस हवा, सर. हा विषाणू रक्तात जेमतेम आठवडाभर सापडतो, लघवीत सुमारे दोन आठवडे. पुढं रक्तात उरतात ती प्रतिपिंडं. पण झिका आणि डेंग्यू चुलतभाऊ; दोघंही एकाच डासाच्या पाठीवरून येतात, आणि एकाची प्रतिपिंडं दुसऱ्याच्या तपासणीत डोकावतात. उशीर झाला, की 'नाही' या उत्तराला अर्थ उरत नाही."

"मग तापाच्या प्रत्येक रोग्याला तपासून टाकावं!" मी प्राध्यापकी तोडगा सुचवला.

"कशाला? पाचांतल्या चौघांना लक्षणंच दिसत नाहीत. उरलेले बहुतेक आठवड्यात बरे होतात. खास औषध नाही, लस नाही. गर्भवतीचं मात्र निराळं. ब्राझीलमध्ये 2015-16 साली लहान डोक्याची बाळं जन्मली, तेव्हा जगाचे डोळे उघडले. म्हणून तर केंद्र सरकारनं जुलैमध्येच राज्यांना कळवलं, की बाधित भागातल्या गर्भवतींना तपासा आणि झिका निघालाच तर गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवा."

बहिणीचा चेहरा उतरला. मग एकाएकी तिने घरी फोन लावला. "अरे, कॅलेंडर बघ. 'दूध नाही' कुठल्या वाराला लिहिलंय?"

गुरुवारी! त्या सकाळी दूधवाला आला नव्हता, आणि समोरचा कोरा चहा तसाच टाकून भाची "कसकस वाटतेय" म्हणत आडवी झाली होती. आज सोमवार. म्हणजे तापाचा पाचवा दिवस. रक्त आणि लघवी, दोन्ही नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे रवाना झाले.

निकाल येईपर्यंत त्या घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. निकाल आला : झिका नाही.

"वेळेवर विचारलं, म्हणून या 'नाही'वर बराच भरवसा ठेवता येतो," डॉक्टर म्हणाले. "तरी सोनोग्राफी चुकवू नका."

भाचीचा मुलगा आता घरभर धुडगूस घालतो. मागे त्याने भिंतीवरचे कॅलेंडरच ओढून काढले, तर बहिणीने नातवाला रागे न भरता पाने सरळ करून ते पुन्हा खिळ्याला अडकवले.

वाचकहो, आता नव्या वर्षाचे कॅलेंडर तुमच्याही घरी येईल. त्यात दुधाचा हिशेब जरूर लिहा. पण कोणाचे अंग तापले, तर त्या चौकोनात तेवढे दोन शब्द अधिक लिहा.